परदेशातील बिऱ्हाडी दूरचित्रवाणी संच घेताना

आपल्या संघाच्या सभासदांत ज्यांच्या घरचे एकही माणूस परदेशी नाही असे सभासद आता थोडेच उरले आहेत. कोणाचे चिरंजीव इंग्लंडात, कोणाचे जावई अमेरिकेत, तर कोणाचे धाकटे बंधू आखातात. पेढीवर बसून वाढलेली ही मुले सौद्याला कच्ची नाहीत. परंतु परमुलखात बिऱ्हाड थाटल्यावर जी पहिली मोठी वस्तू घरात येते ती बहुधा दूरचित्रवाणी संच, आणि त्या खरेदीत मात्र चांगली हिशेबी माणसे पैसे घालवून बसतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. दुकानदार त्यांस फसवितो असे नाही. माल उत्तम असतो, भावही वाजवी असतो. पण तो माल त्या देशाच्या विजेला, तेथील प्रक्षेपणाला, तेथील कायद्याला, भाड्याच्या घराला आणि आपल्या मुक्कामाच्या मुदतीला जुळत नाही. यास्तव या विषयाची थोडी फोड करावी, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. आम्ही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. धान्याचा नमुना पाहण्यात आयुष्य गेले, इतकेच. तथापि लेस्टर येथे चिरंजीवांकडे दोन वेळा सहा सहा महिने राहणे झाले व संच घेण्याचा प्रसंग तेथेच आला. म्हणून पुढील विवेचनात इंग्लंडचे उदाहरण प्रमुख धरले आहे व अन्य देशांचा उल्लेख ओघाने केला आहे.

पहिला प्रश्न पडद्याच्या इंचांचा नाही. या देशात आपण किती वर्षे राहणार, हा पहिला प्रश्न होय. दोन वर्षांच्या नोकरीवर गेलेल्याने व तेथे कायमचे घर केलेल्याने एकच संच घेणे शहाणपणाचे नाही. आमच्या एका स्नेह्याचे चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सी येथे होते. तेथे त्यांनी मोठा संच घेतला. पुढे नोकरीनिमित्त त्यांची बदली इंग्लंडात झाली व सामानाबरोबर संचही समुद्रमार्गे आला. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्ट व सेकंदास ६० आवर्तनांची. इंग्लंडातील २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. संचाच्या पाठीवरील पट्टीवर केवळ १२० व्होल्टचाच उल्लेख होता. तेव्हा पायलीएवढा ट्रान्सफॉर्मर घेणे आले व त्याची घरघर सोसणे आले. एवढे करूनही घराच्या छपरावरील अँटेना संचास जोडली, तर एकही वाहिनी दिसेना. अमेरिकेचे प्रक्षेपण एटीएससी नामक पद्धतीचे, तर इंग्लंडचे डीव्हीबी-टी व डीव्हीबी-टी२ या पद्धतींचे. एकाच्या संचास दुसऱ्याची भाषा समजत नाही. शेवटी संच दुसऱ्या पेटीला जोडून कसाबसा वापरला, व वर्षाच्या आत दुसरा घेतला. वाहतुकीचा खर्च धरला तर जुना संच नव्याहून महाग पडला.

म्हणून संचाच्या पाठीवरील पट्टी वाचण्याची सवय लावावी. तीवर "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असे छापले असेल तर वीज कोठलीही चालेल. युरोपात, आखातात व आपल्याकडे विकले जाणारे पुष्कळसे संच असे असतात. अमेरिकेतील पुष्कळ संच तसे नसतात. दुबईत प्लगदेखील इंग्लंडसारखाच तीन चौकोनी पिनांचा आहे. मात्र इंग्लंडातील प्लगच्या पोटात स्वतंत्र फ्यूज असतो, तेव्हा येथून नेलेली जोडणी परस्पर कापून बसवू नये. प्रक्षेपणाची पद्धत पट्टीवर बहुधा नसते. ती खोक्यावर किंवा माहितीपत्रात पाहावी लागते. इंग्लंडात २००२ च्या ऑक्टोबरात फ्रीव्ह्यू नावाची निःशुल्क सेवा सुरू झाली, २०१२ साली जुने अनुरूप प्रक्षेपण सर्वत्र बंद झाले, व उच्च दर्जाच्या वाहिन्या डीव्हीबी-टी२ वर येतात. ज्यांच्या घरास अँटेना नाही त्यांच्यासाठी इंटरनेटच्या तारेतून त्याच वाहिन्या दाखविणारी फ्रीली ही सेवा २०२४ च्या एप्रिलमध्ये निघाली आहे. भाड्याच्या खोल्यांत भिंतीतील अँटेनेचे भोक नुसते शोभेचे असते, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले. घर पाहावयास जाल तेव्हाच ते विचारून घ्यावे.

आता परवान्याविषयी. वाचकांपैकी वयस्कांस आपल्याकडील रेडिओचे लायसन्स व त्यासाठी पोस्टात लावलेली रांग आठवत असेल. आपल्याकडे ती पद्धत केव्हाच गेली. इंग्लंडात दूरचित्रवाणीचा परवाना आजही आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक फी १७४ पौंड ५० पेनी झाली. (कृष्णधवल संचासाठी निराळा, स्वस्त परवाना आहे, व तो घेणारी माणसेही आहेत! इंग्रज माणूस जुनी वस्तू सहसा टाकीत नाही.) परवान्याविना पाहिल्यास १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. याविषयी आपल्या मुलांत दोन विरुद्ध गैरसमज आढळतात. कोणी म्हणतो, संच विकत घेतला की परवाना आलाच. कोणी म्हणतो, आपण तर मोबाईलवर पाहतो, आपणांस परवाना कशाला? दोन्ही चुकीचे आहे. परवाना वस्तूवर नाही, पाहण्याच्या क्रियेवर आहे. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम प्रक्षेपणाच्या वेळीच पाहावयाचा असेल, मग तो संचावर असो वा मोबाईलवर, अँटेनेतून असो वा इंटरनेटवरून, वाहिनी इंग्लंडातील असो वा हिंदुस्थानातील, तर परवाना पाहिजे. शिवाय बीबीसीची आयप्लेअर सेवा थेट किंवा मागाहून कशीही पाहिली तरी तो पाहिजे. उलट यूट्यूबवरील ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रम, जुने चित्रपट, पूर्वी झालेली प्रवचने एवढेच पाहावयाचे असेल, तर घरात कितीही मोठा संच असला तरी परवाना लागत नाही. पूर्वी संच विकणाऱ्या दुकानदारास गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता परवाना कचेरीस कळवावा लागे. ते बंधनही २०१३ च्या जूनमध्ये गेले.

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने यात एक बारीक भेद आहे तो सांगितला पाहिजे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात एखादे मंदिर आपल्या सभामंडपातील प्रवचन यूट्यूबवरून थेट दाखविते. ते कोणत्याही दूरचित्रवाणी वाहिनीचे प्रक्षेपण नसेल तर त्यास परवाना लागत नाही. तेच प्रवचन एखाद्या धार्मिक वाहिनीवरून चालू असता पाहिले तर लागतो. अर्थात घड्याळाकडेही पाहावे. आपली वेळ इंग्लंडच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास. सकाळी साडेआठचे प्रवचन तेथे पहाटे तीन किंवा चार वाजता होणार. ज्या घरातील आजोबा त्या वेळी उठून सामायिकास बसतात त्यांची गोष्ट निराळी. बाकी मंडळी ते न्याहारीच्या वेळी, म्हणजे मुद्रित स्वरूपातच पाहतात. अशा घरी परवान्याचे पैसे विचार करून वाचविता येतात, आणि त्यात गैर काही नाही. क्रिकेटचा सामना मात्र कोणी मुद्रित पाहत नाही.

जर्मनीत याच्या उलट व्यवस्था आहे. तेथे २०१३ पासून हा कर घरटी आहे; संच असो वा नसो, महिना १८ युरो ३६ सेंट द्यावेच लागतात. तेथे राहणाऱ्याने न पाहून काही वाचत नाही.

परवान्याच्या शेजारीच आणखी एक प्रकरण उभे असते. आपल्या लोकांच्या वस्तीत, किराणा दुकानाच्या फळीवर किंवा ओळखीच्या माणसामार्फत, एक लहानशी काळी पेटी मिळते. ती संचास जोडली की हिंदुस्थानातील शेकडो वाहिन्या, नवे चित्रपट, सामने, सारे काही वर्षाच्या एका क्षुल्लक रकमेत दिसू लागते. मराठी वाहिन्याही असतात व आई-वडील येणार म्हटले की मुले हीच पेटी आणतात. हा माल चोरीचा आहे, हे स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे. ज्याने कार्यक्रम तयार केला त्यास त्यातील एक पैसाही पोचत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत खोटी मापे जशी आहेत, तसाच चोरून आणलेला माल घेणे व राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे हेही आहे. मापाच्या बाबतीत आपले वाडवडील काटेकोर होते म्हणून आपल्या पेढ्यांस नाव आहे. दुसऱ्या दोहोंचे काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या दिवाणखान्यात बसून विचारावा. व्यवहारदृष्ट्याही त्या पेटीची पावती नाही, हमी नाही, आणि ऐन सामन्यात ती बंद पडली तर दाद मागावयास जागा नाही. ज्या कंपन्या परदेशात रीतसर मराठी कार्यक्रम देतात त्यांची वर्गणी भरावी. संच घेण्यापूर्वी आपणांस हवी ती सेवा त्या देशात मिळते काय व तिचे ॲप त्या संचावर चढते काय, हे दुकानातच पाहावे. येथे ज्या वाहिन्या दिसतात त्या साऱ्या तेथे दिसतील असे धरून चालू नये. आपल्याकडील छपरावरची छत्री व पेटी तिकडे नेणे तर सर्वस्वी व्यर्थ होय. त्या उपग्रहाचा झोत तेथवर पोचत नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी मात्र यूट्यूबवर आपले पुष्कळ कार्यक्रम ठेविते, व वडीलधाऱ्यांची तेवढ्यावर चांगली करमणूक होते.

एवढे झाल्यावर मालाकडे वळू.

सपाट पडद्यांच्या आज दोन मुख्य जाती आहेत. पहिली एलसीडी. हिच्यात पडद्यामागे बारीक एलईडी दिवे असतात व पुढे द्रवस्फटिकांची झडप असते; झडप उघडेल तितका प्रकाश तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळणीतून बाहेर येतो. दुकानात जिला "एलईडी टीव्ही" म्हणतात ती हीच. झडप कितीही घट्ट मिटली तरी मागचा प्रकाश थोडा झिरपतो, म्हणून रात्रीचे दृश्य काळे न दिसता करडे दिसते. हा दोष कमी करण्यासाठी दिव्यांचे शेकडो लहान गट करून अंधाऱ्या भागापुरते दिवे मालविण्याची युक्ती निघाली आहे, तिला मिनी-एलईडी म्हणतात. दुसरी जात ओएलईडी. हिच्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो. काळा तो खरोखर काळा. पूर्वी प्लाझ्मा नावाची तिसरी जात होती, पण मोठ्या कारखानदारांनी २०१४ च्या सुमारास ती सोडून दिली. "क्यूएलईडी" हे नाव ऐकून पुष्कळ लोक ती ओएलईडीच समजतात. एका अक्षराचा फरक, पण माल निराळा: ती एलसीडीच आहे, फक्त रंग खुलविणारा एक थर अधिक. आमच्या बाजारातही एकाच तांदळास पोत्यावरील छापाप्रमाणे निरनिराळी नावे मिळतात, म्हणून आम्हांस याचे नवल वाटले नाही.

ओएलईडी सरस, हे कोणीही दुकानदार सांगेल. परंतु जेथे आजोबा सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांची वाहिनी लावून बसतात त्या घरी आम्ही ती घेऊ नये असे म्हणतो. वाहिनीचे चिन्ह व खालची धावती पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहिली तर त्या जागचे बिंदू अधिक झिजतात व चिन्हाची पुसट सावली पडद्यावर कायमची उमटते. अनेक हम्यांत हे नुकसान धरलेले नसते. शिवाय मोठ्या खिडकीच्या उजेडात एलसीडीचे दिवे अधिक प्रखर पडतात. संध्याकाळी दिवे मंद करून चित्रपट पाहणाऱ्या तरुण जोडप्यास ओएलईडी. दिवसभर चालणाऱ्या घरास बरी एलसीडी.

एलसीडीतही दोन पोटजाती आहेत व त्यांविषयी विक्रेते सहसा बोलत नाहीत. एकीचा काळा रंग गडद, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडते. दुसरीचा काळा तितका गडद नाही, पण बाजूनेही रंग टिकतात. पहिलीस व्हीए व दुसरीस आयपीएस म्हणतात. नावे लक्षात न राहिली तरी चालेल. दुकानात संचासमोर उभे राहून मग चार पावले डावीकडे व चार उजवीकडे जावे. आपल्या घरी मंडळी एका रांगेत थोडीच बसतात? एक कोचावर, एक खुर्चीवर, आई स्वयंपाकघराच्या दारात. तिलाही चित्र दिसावयास हवे.

दुकानातील चित्रावर मात्र मुळीच विश्वास ठेवू नये. तेथील सर्व संच "दुकान" किंवा "झगझगीत" अशा कळीवर ठेवलेले असतात, व त्यांवर दाखविली जातात ती फुले, पोपट व समुद्र मुद्दाम त्यासाठीच टिपलेले असतात. पॉलिश केलेली तूरडाळ पिवळ्या दिव्याखाली कशी दिसते, हे आपणांस ठाऊक आहे. आम्ही पोत्याच्या तोंडावरचा दाणा पाहून सौदा करीत नाही; पोलादी नळी तळापर्यंत खुपसून मधला नमुना काढतो. तसाच नमुना येथेही काढता येतो. विक्रेत्यास सांगून चित्राची कळ "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" वर आणवावी, व आपल्या खिशातील पेनड्राइव्हवरून आपले नेहमीचे काही लावावे: एखादे लग्नाचे चित्रण, एखादा जुना कृष्णधवल चित्रपट, मुलांनी मोबाईलवर घेतलेला रथयात्रेचा तुकडा. ज्यांचे खरे रंग आपणांस माहीत आहेत त्यांच्यावरूनच संचाची पारख होते. माणसाची कातडी केशरी दिसू लागली तर पुढच्या संचाकडे जावे. चांगले दुकान यास हरकत घेत नाही.

स्पष्टतेविषयी थोडक्यात. ज्यास ४के म्हणतात त्यात आडवे ३८४० व उभे २१६० बिंदू असतात. त्याखालच्या पूर्ण एचडीत १९२० व १०८०. ४३ इंच व त्याहून मोठे संच आता बहुतेक ४के च येतात, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मागितल्यास देऊ नयेत. ८के च्या नादी तर लागूच नये. त्यावर दाखवावयास मालच नाही. आपण जे पाहतो त्यातील पुष्कळसे, विशेषतः जुने मराठी चित्रपट व मंदिरांतील प्रक्षेपणे, कमी बिंदूंचेच असते, व कमी बिंदूंचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणून नीट दाखविणे हे संचातील गणकाचे काम आहे. स्वस्त व महाग संचांतील खरा फरक येथे दिसतो. आणखी एक कारण नमुना सोबत नेण्याचे!

इंचांचा हिशेब कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरका करतात. त्यामुळे आकडे फसवे होतात. ४३ इंची संच सुमारे साडेसदतीस इंच रुंद व एकवीस इंच उंच असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७९० चौरस इंच. ५५ इंची संच सुमारे अठ्ठेचाळीस इंच रुंद व सत्तावीस इंच उंच, म्हणजे क्षेत्रफळ १२९० च्या घरात. नावात बारा इंचांची वाढ, पण पडदा दीडपटीहून मोठा. भावाची तुलना करावयाची ती इंचांनी नव्हे, चौरस इंचांनी करावी. ५५ इंचीसाठी डोळ्यांपासून पडदा सात-साडेसात फुटांवर असावा, ४३ इंचीसाठी सुमारे सहा फुटांवर, ६५ इंचीसाठी नऊ फुटांवर. लेस्टरसारख्या गावातील जुन्या, एकमेकांस चिकटलेल्या घरांच्या बैठकी लहान असतात. कोच भिंतीस टेकविल्यावर समोर नऊ फूट क्वचितच उरतात. तरीही मुले ६५ इंची घेतात, कारण मित्राकडे ५५ इंची असतो. परिग्रह-परिमाण व्रतात इंच मोजावयाचे की नाही, हे आम्ही त्यांच्यावर सोपवितो.

भाड्याच्या घरी संच भिंतीस लावण्याचा मोह आवरावा. मालकाच्या लेखी परवानगीवाचून भोके पाडली तर घर सोडताना अनामत रकमेतून दुरुस्ती कापली जाते. तेथील आतल्या भिंती बहुधा पोकळ, प्लास्टरच्या पाट्यांच्या असतात; पंधरा-वीस किलोंचे ओझे त्या जागा पाहूनच पेलतात. शेकोटीच्या वर संच टांगण्याची इंग्रजी हौस आहे, तिचे अनुकरण करू नये. मान दुखते, आणि उष्णतेने संचही दुखावतो. मेजावर ठेवणे उत्तम; पण पुष्कळ संचांचे दोन पाय दोन टोकांस असतात, तेव्हा मेजाची रुंदी मोजून जावे. मेजापेक्षा पाय रुंद निघाले व संचाबरोबर नवे मेज घ्यावे लागले, असे एक बिऱ्हाड आम्ही पाहिले आहे.

आवाजाचा विचार तर कोणी करीतच नाही. पडदे पातळ झाले तसे कर्णे बारीक झाले, व ते मागे किंवा खाली तोंड करून बसले. तरुणांस चालते, साठी उलटलेल्यास संवाद कळत नाहीत, मग आवाज वाढविला जातो, व चिकटलेल्या घराच्या भिंतीपलीकडून शेजारी ठोकतो. आई-वडील सहा महिने येणार असतील तर पडद्याचे पाच इंच कमी करावेत व ते पैसे पुढे ठेवावयाच्या लांबट ध्वनिपेटीत घालावेत. तिच्यासाठी संचास ईएआरसी खुणेचे एचडीएमआय भोक आहे ना, ते पाहावे. वडिलांस श्रवणयंत्र असेल तर संचाचा आवाज ब्लूटूथने परस्पर यंत्रात जातो काय, हे यंत्र सोबत नेऊन तपासावे. परदेशी घरात दिवसा मुले-सुना कामावर, नातवंडे शाळेत. म्हाताऱ्या माणसास चार वाजेपर्यंत दुसरा मराठी आवाज ऐकू येत नाही. ज्या पेटीतून तो यावयाचा, ती ऐकू आलीच पाहिजे. ती लावण्याची रीतही मुलांनी आई-वडिलांस आधी शिकवावी. मोबाईलवर कार्यक्रम शोधून तो पडद्यावर पाठविणे पुष्कळ वयस्कांस रिमोटच्या बटणांपेक्षा सोपे जाते.

विजेचा खर्च लोक समजतात तितका नाही. ८० वॉटचा संच रोज पाच तास चालला तर वर्षास १४६ युनिटे होतात. युनिटास २५ पेनी धरल्यास साडेछत्तीस पौंड. २०२१ च्या मार्चपासून संचावरील ऊर्जापट्टीची श्रेणी कडक झाली आहे, त्यामुळे मोठे संच ई, एफ, जी अशा खालच्या अक्षरांतच सापडतात; त्याने बिचकू नये. पट्टीवर १००० तासांस लागणारी युनिटे छापलेली असतात, तोच आकडा दोन संचांत ताडून पाहावा.

संच पहिल्यांदा चालू करताना तो दहा ठिकाणी "मान्य आहे" असे म्हणवून घेतो. त्यात बहुधा आपण काय पाहतो याची नोंद कंपनीस पाठविण्याची संमतीही असते. गिऱ्हाइकांच्या संमतीवाचून अशी नोंद घेतल्याबद्दल २०१७ साली अमेरिकेत व्हिझिओ कंपनीस २२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले होते. आपली चोपडी आपण परक्यास वाचावयास देत नाही. नकार दिला तरी चित्र दिसतेच.

खरेदीची वेळ. नवी मॉडेले साधारण वसंतात येतात, तेव्हा मागच्या सालचा माल उतरतो; नोव्हेंबरच्या अखेरीस ब्लॅक फ्रायडे व २६ डिसेंबरास बॉक्सिंग डे यांच्या सुटी निघतात. तांदूळ जुना झाला की भाव चढतो, येथे उलटे आहे. वर्षभर जुना पण वरच्या प्रतीचा संच, नव्या साध्या संचापेक्षा केव्हाही घ्यावा. मात्र केवळ सुटीसाठीच बनविलेली काही मॉडेले असतात. मॉडेलचा पूर्ण आकडा लिहून घेऊन तो इतर दुकानांत सहा महिन्यांपूर्वी होता काय, हे पाहिल्यावाचून भुलू नये.

इंग्लंडचा ग्राहक कायदा भक्कम आहे व आपली मुले त्याचा पुरेसा उपयोग करीत नाहीत. २०१५ च्या कायद्याप्रमाणे माल सदोष निघाल्यास ३० दिवसांत तो परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरतात. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करावयाचे. त्यानंतरही, इंग्लंडात, सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो, परंतु दोष मुळातला होता हे तेव्हा आपण दाखवावे लागते. आणि हा दावा कारखानदारावर नसून ज्याने विकले त्याच्यावर आहे. "कंपनीस लिहा" असे दुकानदार म्हणाला तर मान हलवून निघून येऊ नये. घरबसल्या मागविलेला संच निर्दोष असला तरी पोचल्यापासून चौदा दिवसांत नको म्हणता येतो. क्रेडिट कार्डावर १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू घेतली तर १९७४ च्या कायद्यान्वये बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. डेबिट कार्डास हे लागू नाही. काही मोठी दुकाने पाच किंवा सहा वर्षांची हमी किमतीतच देतात. अशा ठिकाणी घ्यावे व जादा पैशांची हमी घेऊ नये.

परत येताना संच घेऊन यावा काय, असे आम्हांस पुष्कळजण विचारतात. एके काळी दुबई, सिंगापूर, बँकॉक येथून येणारा प्रत्येकजण सपाट पडदा घेऊन उतरत असे. २६ ऑगस्ट २०१३ पासून सामानातील सपाट संचांची जकातमाफी गेली व ३५ टक्के शुल्क आणि वर उपकर लागू झाला. दीर्घ वास्तव्यानंतर कायमचे परतणाऱ्यांस निराळ्या तरतुदी असतात. त्या निघण्यापूर्वी जकात खात्याकडून लेखी समजून घ्याव्यात. इंग्लंडातील विक्रीकर परत मिळेल ही आशाही नको. पाहुण्यांस दुकानात केलेल्या खरेदीवरील कर परत देण्याची योजना तेथे १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. उलट आपल्याकडे ३२ इंचांवरील संचांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिवाय हमी त्या देशापुरती, पडदा फुटला तर सुटा भाग मिळणार नाही. तेव्हा संच तेथेच विकावा किंवा मित्रास द्यावा.

संच घरी आला की दारातच खोका पाहावा. कोपरा दबलेला असेल तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसे लिहावे व छायाचित्र घ्यावे. खोका नेहमी उभा ठेवावा. पडद्यावर आडवा केल्यास काच तडकते व ती तडक संच चालू करीपर्यंत दिसत नाही. दोघांनी मिळून उचलावा, बोटे पडद्यावर दाबू नयेत. त्याच दिवशी चालू करून पांढरा, काळा, तांबडा असे सपाट रंग पडद्यावर आणून मेलेले बिंदू व डाग शोधावेत, सर्व भोके जोडून पाहावीत, आवाज ऐकावा. आणि खोका, फोम व पिशव्या निदान तीस दिवस फेकू नयेत. इंग्लंडातील बहुतेक घरांत जिन्याखाली एक कपाट असते, त्यात तो उभा मावतो.